पहिलं ताट

आई, आधी एक सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना ठसका लागायला नको. मी हल्ली अंडी उकडते. एखाददुसरं नाही, ट्रेच्या ट्रे. सकाळी गॅस पेटला की पहिलं पातेलं अंड्यांचं चढतं, मग दुधाचं, मग पोह्यांची कढई. कोंबडी मी करत नाही, त्याला दुसरी बाई येते आणि तिची भांडी तिच्या फळीवर असतात, एवढं तुझं सोवळं अजून शिल्लक आहे. पण अंडी सोलायला मीच बसते आणि सोलताना तोंडानं तू शिकवलेली स्तोत्रं चालू असतात. कुणी बघितलं तर म्हणेल, भटाघरची बाई कामातून गेली. तू मात्र काहीच म्हणाली नसतीस. पदराला हात पुसत दारात उभी राहिली असतीस आणि हळूच विचारलं असतंस, ‘कुणासाठी गं एवढी?’

मुलींसाठी. आपल्या नाशकात आता मुलींचा एक फुटबॉल क्लब आहे. शाळेच्या पटांगणातला खेळ नव्हे, खरोखरचा क्लब. कुठून कुठून मुली येतात, करारावर सह्या करतात, सकाळ-संध्याकाळ सराव करतात, देशभरच्या लीगमध्ये खेळायला गावोगाव जातात, आणि चेंडू लाथाडायचा त्यांना महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो. हे वाक्य मी दोनदा लिहून बघितलं, तरी मलाच अजून खरं वाटत नाही. तू विचारशील, ‘आणि लग्नं?’ त्या प्रश्नाकडे येतेच आहे.

हे गेल्यावर मी डबे करून द्यायला लागले होते. क्लबाचं ऑफिस सांभाळणाऱ्या गृहस्थांकडे माझा डबा जायचा. एक दिवस ते स्वतःच रिकामा डबा परत करायला आले आणि म्हणाले, काकू, आमच्या मुलींचं स्वयंपाकघर बघाल का. मखमलाबादच्या बाजूला, द्राक्षाच्या बागा सुरू होतात तिथं एक मोठा बंगला आहे. वर मुली राहतात, खाली मेस, मागे मैदान. मी आपली हो म्हणून बसले. मुली म्हणजे किती खाणार, असं माझ्या मनात आलं होतं. तुझ्याच हाताखाली शिकलेली मी, दुसरं काय मनात येणार.

पहिल्या दिवशी मी जे केलं ते आपल्या घरची बाईच करू जाणे. दुपारी मुली मैदानावरून आल्या, घामानं निथळत, आणि ताटं घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. मी त्यांना म्हटलं, ‘थांबा हं पोरींनो, आधी मोठी माणसं बसू देत.’ आणि मी ऑफिसवाल्यांना, गाडीच्या ड्रायव्हरला, चेंडू-जाळ्या सांभाळणाऱ्या काकांना हाका मारल्या, पाटच काय तो मांडायचा राहिला. गरम पोळ्या त्यांच्या ताटात वाढल्या. मुली भिंतीला टेकून गप्प उभ्या. मला त्यात काही वावगं दिसलंच नाही. मुली थांबतातच. तेवढ्यात त्यांच्या कोच बाई आत आल्या. कोल्हापूरच्या आहेत, आवाज असा की मागच्या बागेतली पाखरं उडतात. पण माझ्याशी त्या हळू बोलल्या. ‘काकू, आमच्यात उलटं असतंय. जी पळती, ती आधी जेवती. मी सगळ्यात शेवटी.’ पुरुष ताटं हातात घेऊन उठले. मी हातातल्या पोळीसकट तशीच उभी. कोच बाई खरंच शेवटी जेवल्या, कोपऱ्यातल्या टेबलावर, उरलं होतं ते. पण तुझं शेवटी जेवणं आणि त्यांचं शेवटी जेवणं यात काय फरक आहे, हे मी त्या रात्री अंथरुणावर पडून बराच वेळ शोधत होते. त्यांना कुणी शेवटी बसवलेलं नव्हतं.

पंचवटीतलं आपलं स्वयंपाकघर मला आठवतं ते धुरासकट आठवतं. बाबा रामकुंडावर यजमानांची कार्यं करायचे आणि दुपारी ती सगळी माणसं आपल्याकडे जेवायला यायची. यजमानांची पंगत, मग बाबा आणि काका, मग मुलगे, मग आम्ही मुली, मग घरातल्या सुना, आणि उन्हं कलली की तू. तू बसलीस की पातेल्यात खरवड असायची, आमटीच्या तळाशी चार दाणे. त्यातही कुणी आयत्या वेळी दारात आलं की तू उठायचीस. ‘मला भूकच नाही,’ हे तू इतक्या सहज म्हणायचीस की आम्ही ते खरं मानलं. मानणं सोयीचं होतं. मी नऊ-दहा वर्षांची असेन, पुरणाच्या दिवशी नैवेद्य व्हायच्या आधी मी एक पोळी उचलली आणि तू माझ्या हातावर फटका मारलास. ‘बाईच्या जातीनं भूक मुरवायला शिकावं,’ असं म्हणालीस. लोणचं मुरवावं तसं म्हणालीस. मग दुपारी कुणी नसताना मला कोठीच्या खोलीत बोलावलंस आणि पदराखालून पुरणाचा गोळा काढून माझ्या तोंडात कोंबलास. ‘गिळ लवकर.’ तो गोळा तुझ्या वाटणीचा होता हे मला कळायला किती वर्षं जावी लागली.

आणि ते परक्यांचे उपास. ते इथल्या मुलींना सांगितलं तर त्यांचा विश्वास बसत नाही. एखादी यजमानीण सोळा सोमवार बोललेली असायची आणि मध्येच तिला दिवस जायचे, किंवा दुखणं यायचं. मग ती आपल्याकडे यायची. बाबा सांगायचे, प्रतिनिधी चालतो, शास्त्रात आहे. प्रतिनिधी म्हणजे तू. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी तुला बसवायचे, ती बाई तुझ्या ओंजळीत पाणी सोडायची, बाबा दोन मंत्र म्हणायचे, आणि तिचे सोमवार तुझे व्हायचे. तुझे स्वतःचे होतेच. एकदा खानदेशातल्या एका बाईला मुलगा झाला म्हणून पेढे आले. ज्या उपासांवर तो झाला ते तू केलेले, आणि पेढे आले त्या दिवशी तुझा दुसऱ्याच कुणाचा तरी उपास. तू सगळ्या आळीत पेढे वाटलेस. संध्याकाळी मी पुडा उघडून बघितला तर कागदाला नुसता चुरा. तू तो बोटानं टिपून माझ्याच जिभेवर ठेवलास.

तू शेवटची आजारी पडलीस तेव्हा डॉक्टरीण बाईंनी तुझी पापणी खाली ओढून बघितली. आत सगळं पांढरं. त्या आमच्याकडे वळल्या आणि विचारलं, ‘या नीट जेवतात का?’ बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी वहिनीकडे, वहिनीनं दादाकडे. रोज एवढी पानं उठणाऱ्या घरात तू काय जेवतेस, किती जेवतेस, हे एकालाही सांगता येईना. तू खाटेवर पडल्या पडल्या त्यांना म्हणालीस, ‘जेवते हो. भरपूर.’ त्यानंतर तू फार दिवस राहिली नाहीस.

म्हणून या मुली जेवायला बसल्या की मी बघत उभी राहते. नजर लागेल म्हणून मनातल्या मनात मीठमोहऱ्या ओवाळते, पण बघते. आई, बायका जेवताना कधी बघितल्यास तू, मान वर करून, कोपर टेबलावर रोवून, हसत, दुसरीच्या ताटातलं ओढून घेत? ‘काकू, अजून भात.’ ‘काकू, उसळ संपली का?’ मणिपूरची एक आहे, तिला आपली पोळी पुठ्ठ्यासारखी लागते, पण भाताचा डोंगर बघता बघता सपाट करते. एखादी कमी जेवली तर इथं तिला बोलावून घेतात आणि विचारतात, का नाही जेवलीस. दर आठवड्याला काट्यावर उभ्या करतात आणि वजन उतरलं तर काळजी करतात. मुलीचं वजन उतरलं म्हणून काळजी करणारं घर मी पन्नाशी ओलांडल्यावर पहिल्यांदा बघितलं.

आणि त्या सगळ्या अन्नाचं त्या काय करतात हे मी मैदानावर गेले त्या दिवशी कळलं. आधी म्हणायचे, मला काय त्यातलं कळतंय. कॅप्टननं ओढून नेलं. ती देवळाली कॅम्पातली, वडील तोफखान्यात सुभेदार, मराठी बोलते ती अर्धी हिंदीच. ‘काकू, एक बार देखो तो सही. आपल्याच पोळ्या पळतायत समजा.’ तर मी काट्याकुट्यातून चालत गेले आणि खुर्चीवर बसले. पहिल्यांदा आवाज ऐकला. बुटांच्या खाली जमीन वाजते, ढोल दूर कुठं वाजावा तशी. मुली एकमेकींच्या अंगावर जातात, पडतात, उठतात, कुणी रडत नाही, कुणी कपडे सावरत नाही.

सगळ्यात मी बघत राहिले ते गोलकीपरकडे. ती हरसूलच्या पुढच्या एका पाड्यावरची. उंच, सावळी, हात गुडघ्यापर्यंत पोचावेत इतके लांब. आश्रमशाळेत असताना कबड्डी खेळायची, तिथून कुणीतरी तिला इकडे आणलं. एरवी इतकी कमी बोलते की मीठ हवं असलं तरी बोटानं दाखवते. आणि मैदानावर चेंडू उंचावरून आला की ती ओरडते, ‘माझा!’ असा आवाज की बाकीच्या सगळ्या बाजूला होतात. त्यांचा नियमच आहे. कीपरनं ‘माझा’ म्हटलं की तो चेंडू तिचा, बाकीच्यांनी वाट द्यायची. ती धावत येते, माणसांच्या डोक्यांवरून उडी घेते आणि हवेतच चेंडू छातीशी धरते. मी आयुष्यात कुठल्या बाईला इतक्या मोठ्यानं ‘माझा’ म्हणताना ऐकलं नव्हतं. तू तर पुरणाच्या गोळ्यालाही कधी ‘माझा’ म्हणाली नाहीस. मी त्या दिवशी खुर्चीत बसून रडले आणि कॅप्टनला वाटलं, ऊन लागलं.

आता कालची गोष्ट. काल लीगमधला शेवटचा सामना होता, आपल्याच मैदानावर. यंदा मुलींचं काही नीट बसलं नव्हतं, बरेच सामने हातचे गेले होते. काल हरल्या असत्या तर क्लब खालच्या लीगमध्ये गेला असता, आणि ऑफिसवाल्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की तसं झालं तर पुढल्या वर्षी बंगला, मेस काही राहणार नाही, मुलींनी आपापल्या घरी जायचं. बरोबरी झाली तरी चालणार होतं. फक्त हरायचं नव्हतं. सगळ्यांचंच काही ना काही जाणार होतं, पण गोलकीपरच्या मानेवर सुरी होती. तिच्या वडिलांनी फोनवर सांगून ठेवलं होतं, टीम खाली गेली तर घरी ये, पोरगं बघून ठेवलंय. तू विचारलेल्या लग्नाच्या प्रश्नाचं उत्तर हे असं उभं होतं.

दुपारी मी वाढत होते. सामन्याच्या दिवशी साधं जेवण असतं, वरण, भात, बटाट्याची भाजी, दही. गोलकीपर ताट घेऊन टोकाला बसली. आणि आई, मी लांबूनच ओळखलं. ती भात बोटांनी पसरत होती, म्हणजे ताट भरलेलं दिसतं पण चिवडलेलंही दिसतं. शेजारणीला म्हणाली, ‘तुला दही आवडतं नं, घे.’ पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि तसाच भरलेला खाली ठेवला. मग सगळ्यांच्या आधी उठून दुसऱ्यांची ताटं गोळा करायला लागली. हे सगळं मी लहानपणभर बघितलेलं आहे. तेव्हा बघून कळलं नाही, काल कळलं.

बाकीच्या वर गेल्यावर तिला मी स्वयंपाकघरात बोलावलं. ‘कधीपासून जेवली नाहीस?’

‘जेवले नं काकू आत्ता.’

‘मला नको सांगूस. कधीपासून?’

तिनं ओट्यावरचं फडकं उचलून घडी घातली. मग म्हणाली, ‘काल रातीपासून. निरंकार हाय. मॅच होईस्तोवर पानी पन नाय.’ तिच्या आईनं गडावर, सप्तशृंगीला, बोलून ठेवलं होतं, टीम तगली तर मायलेकी पायऱ्या चढून येऊ, आणि उपास हिनं स्वतःहून धरला होता. ‘देवीला काय तरी द्याया पायजे नं काकू. माझ्यापाशी दुसरं काय हाय?’

बाहेर ऊन रणरणत होतं. कोच बाईंना सांगितलं असतं तर त्यांनी हिला बाहेर बसवून दुसरी कीपर उतरवली असती, आणि त्यांचं चुकलं नसतं. उपास मोड म्हटलं असतं तर हिनं मोडला नसता, आणि बळेबळे मोडायला लावला असता तर पहिला चेंडू आत गेला की हिनं स्वतःला माफ केलं नसतं. मी ओट्याला धरून उभी राहिले आणि मला तुझा उंबरा आठवला. म्हटलं, ‘तुझा उपास मला दे.’

तिला कळलंच नाही. मी तिला सगळं सांगितलं, तुझ्याबद्दल, यजमानणींबद्दल, सोमवारांबद्दल. ‘आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हे चालत आलंय. ज्याला झेपत नाही त्याचा उपास दुसऱ्यानं करायचा. देवाला तो पोचतो.’

‘देवीला चालंल?’

‘महादेवाला चालायचं, देवीला न चालायला काय झालं?’

तिनं थोडा विचार केला. ‘मंग तुमाला भूक नाय लागनार?’

‘माझी भूक मुरलेली आहे,’ मी म्हटलं. तोंडातून तुझाच शब्द गेला.

पळीपंचपात्र कुठलं असणार मेसमध्ये. स्टीलची ताटली घेतली, डाव घेतला. देवीचं नाव घेतलं, बाबांचे मंत्र जेवढे आठवले तेवढे म्हटले, तिनं माझ्या ओंजळीत पाणी सोडलं, आणि हरसूलच्या मुलीचा उपास माझा झाला. मग तिला मी खुर्चीवर बसवलं आणि वाढलं. गरम भात, वरण, वर तूप, लिंबू. आधी ती दबकत दबकत खात होती, मग चौथ्या-पाचव्या घासाला तिचे खांदे सैल झाले आणि ती जेवायला लागली. किती जेवली म्हणून सांगू. मधेच डोळे मिटून घेत होती. मी समोर बसून एकेक घास तिच्या घशाखाली उतरताना बघत होते, आणि मला असं वाटत होतं की मी काहीतरी फार मोठं बघते आहे, ज्याची कुणी कधी पूजा मांडलेली नाही. जेवून तिनं माझ्या पायाला हात लावला आणि बूट घालायला गेली.

मी मनापासून उपास करणार होते, आई. खोटं सांगत नाही. तिचं ताट घासलं, ओटा पुसला, उरलेलं वरण झाकायला घेतलं. आणि वरणाची वाफ तोंडावर आली तशी डॉक्टरीण बाई आठवल्या. या नीट जेवतात का. मला एकदम राग आला. देवीचा नाही, त्या मुलीचा नाही, बाबांचासुद्धा नाही. तुझा राग आला. इतकी वर्षं तुझी आठवण आली की माझे डोळे भरायचे, काल पहिल्यांदा कान तापले. तू आम्हाला सगळं भरवलंस आणि आम्हाला तुला भरवायची एक संधी दिली नाहीस. मी ताट घेतलं. भात घेतला, वरण घेतलं, तूप सढळ हातानं घेतलं, आणि मुलींच्या टेबलावर, तिच्याच खुर्चीत, पाय खाली सोडून बसून जेवले. गरम. दुसऱ्यांदा वाढून घेतलं. घरातली, दारातली, मैदानावरची, मुली सोडून, सगळी माणसं जेवायची बाकी होती. मी रागानं जेवत होते, पण लिंबू छान होतं.

मग मैदानावर गेल्यावर माझं धाबं दणाणलं. सामना सुरू होऊन जरा वेळ होतो न होतो तोच समोरच्यांनी गोल केला. आमच्याच एका मुलीच्या पायाला लागून चेंडू वळला आणि कीपरच्या उलट्या बाजूनं आत गेला. माझ्या पोटातलं वरण दगडासारखं झालं. म्हटलं, झालं, देवीनं पोचपावती दिली. कीपरनं जाळ्यातून चेंडू काढला आणि लांबून माझ्याकडे बघितलं. तिला वाटत होतं, काकू उपाशी बसलीय माझ्यासाठी, म्हणजे अजून काही बिघडलेलं नाही. तिनं हात वर करून मला धीर दिला. मला. मी पदर तोंडाला लावला.

हाफटाइमनंतर कॅप्टननं बरोबरी केली. कशी केली ते मला सांगता येणार नाही, मी डोळे मिटून बसले होते, आरडाओरडा झाला तेव्हा उघडले. त्यानंतर मात्र समोरच्या मुली चवताळून आल्या आणि एकामागून एक चेंडू आमच्या गोलवर यायला लागला. आई, तुला कसं दाखवू. ती मुलगी डावीकडे झेपावायची, आडवी पडायची, मातीतून उठायची की पुन्हा उजवीकडे. एकदा बोटांच्या नुसत्या टोकानं तिनं चेंडू वर ढकलला आणि तो लोखंडी दांड्यावर आपटून बाहेर गेला, तेव्हा समोरच्यांचे लोकसुद्धा उभे राहिले. मी देवीची माफी मागायचं विसरले. मी बघत होते ते दुपारचं जेवण होतं, तो भात, ते तूप, तिच्या हातापायांत उतरलेलं. शेवटी शेवटी कॉर्नर मिळाला त्यांना. चेंडू उंच आला, उन्हात दिसेनासा झाला, खाली वीस-एक जणींची झुंबड. आणि त्या झुंबडीतून आवाज आला, ‘माझा!’ आमच्या सगळ्या बाजूला झाल्या. ती वर गेली. किती वर गेली, आणि किती वेळ तिथंच राहिली असं मला वाटलं. खाली आली तेव्हा चेंडू तिच्या छातीशी होता आणि तिनं त्याच्यावर अंग टाकून दिलं. शिट्टी वाजली तरी ती उठेना.

क्लब राहिला. बंगला राहिला. संध्याकाळी तिच्या वडिलांचा फोन आला तेव्हा ती मैदानाच्या कडेला उभी राहून एवढंच म्हणाली, ‘नाय, मी नाय येत. खेळायचं हाय पुढल्या साली.’

मी जेवणाच्या तयारीला लागले. मसालेभात होता, शिरा होता. मुली आंघोळी करून खाली आल्या, पण रांगेत कुणी उभीच राहीना. कीपरनं उपासाचं सगळ्यांना सांगून टाकलं होतं. कोच बाई पुढं आल्या. त्यांचा चेहरा कडक होता. ‘काकू, हे मला आधी सांगायचं हुतं.’

‘सांगितलं असतं तर?’

‘बाहेर बसीवली असती तिला.’

‘म्हणूनच नाही सांगितलं.’

मग त्यांनी एक ताट उचललं, स्वतःच्या हातानं त्यात मसालेभात वाढला, शिरा वाढला, पाण्याचा पेला भरला, मला खांद्याला धरून टेबलाशी बसवलं आणि ताट माझ्यापुढं ठेवलं. ‘आज आधी तुम्ही,’ म्हणाल्या. आणि आई, त्या सगळ्या मुली माझ्या टेबलाभोवती रिकामी ताटं घेऊन उभ्या राहिल्या. दमलेल्या, गुडघे फुटलेल्या, भुकेनं कासावीस झालेल्या. माझं पारणं झाल्याशिवाय त्या घास घेणार नव्हत्या. कॅप्टन म्हणाली, ‘काकू, आज नो टेन्शन, आरामसे जेवा.’ माझ्या एवढ्या आयुष्यात मी जेवावं म्हणून कुणी खोळंबलं नव्हतं. तुझ्या तर नाहीच.

मी सांगणार होते. तोंड उघडलंही होतं. पण कीपर माझ्या खुर्चीशी उकिडवी बसली होती, दमून गळालेली, आणि म्हणाली, ‘काकू, घास घ्या नं. लय भूक लागलीय मला.’ ही मुलगी, जी मीठही बोटानं दाखवते. मी घास घेतला.

आत्ता दुपार आहे. मुली वर झोपल्यात, बंगला कसा चिडीचूप आहे. बाबा असते तर म्हणाले असते, पत्र रामकुंडात सोड, पोचेल. पण मी सोडणार नाही, उगाच देवीच्या वाचनात यायचं. आणि पुढच्या महिन्यात ती मुलगी आईबरोबर गडाच्या पायऱ्या चढायला जाणार आहे, मलाही चला म्हणतेय, तेव्हा देवीला काय सांगायचं ते माझं मी तिथं बघीन. हे पत्र तांदळाच्या डब्यामागं ठेवते. तुला मात्र एक सांगायचं राहिलंय. काल मी दोनदा जेवले, एकदा मोठ्या माणसांच्या आधी, एकदा सगळ्यांच्याच आधी. दुसऱ्यांदा त्या मुलींची मनं मोडू नयेत म्हणून दोन घास खाऊन उठणार होते. उठले नाही. ताट पुसून खाल्लं, आई. मला भूक होती.